नसलेल्या उपमंत्र्यांची दुभाषी

माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. त्यामुळे फ्रँकफर्टमध्ये जवळजवळ वीस वर्षं मी 'विनया दत्तात्रयेव्हना' होते. रशियन बोलणारी माणसं आदरानं हाक मारताना नावापुढे वडिलांचं नाव जोडतात. भल्याभल्या साहेबांची जीभ या 'दत्तात्रयेव्हना'त अडखळायची आणि बैठकीतला पहिला हशा मला आयता मिळायचा.

पुण्यात हौसेनं रशियन शिकले, लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीमुळे जर्मनीत आले. हे गिअरबॉक्सचे इंजिनिअर, दिवसभर कारखान्यात. घरी बसून कंटाळले, जर्मन शिकले, परीक्षा दिली, शपथ घेतली आणि दुभाषी झाले. एक मराठी बाई रशियनचं जर्मन करते याचं जर्मनांना भारी नवल. "पण तुम्ही तर इंडियातल्या!" "या, गेनाऊ," म्हणजे 'हो, अगदी बरोबर', असं म्हणून मी वही उघडायची.

वही सगळ्यांना वाटते तशी लिहून घ्यायला नसते. माणूस पाच-पाच मिनिटं सलग बोलतो. शब्द लिहीत बसलं तर अर्थ हातचा जातो. म्हणून आम्ही खुणा करतो. बाण, घर, फुली, उलटा प्रश्न. माझ्या खुणांत थोडी देवनागरीही होती, 'पण'साठी नुसता 'प', 'सरकार'साठी 'स'वर छत्री. बोलणाऱ्यानं "मी दमलो" म्हटलं की मीही "मी दमलो" म्हणायचं, "ते दमले असं म्हणतात" असं नाही. समोरचा खोटं बोलतोय हे दिसत असलं तरी त्याचं खोटं त्याच्याच ठसक्यात सांगायचं. आणि दार बंद झालं की ऐकलेलं तिथंच ठेवून यायचं. यात मी हुशार होते, असं आजही म्हणेन. एकदाच चुकले. चुकले ती नियम मोडून नव्हे, पाळून.

२००४ च्या मार्चमध्ये फ्रँकफर्टपासून एस-बान लोकलनं तासाभरावरच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथला कारखाना सूतगिरणीची यंत्रं बनवायचा. निर्यातीचं काम पाहणारे हेर, म्हणजे श्रीयुत, क्र्युगर फोनवर म्हणाले, "तुर्कमेनिस्तानचं शिष्टमंडळ येतंय. तीन दिवस. ऑर्डर मोठी आहे, फ्राऊ साठे, तेवढं सांभाळा."

तुर्कमेनिस्तान म्हणजे सोव्हिएत संघ फुटल्यावर सुटा झालेला वाळवंटी देश. जमिनीखाली वायूचे साठे, पण तो वायू विकायची मोठी वाट रशियाच्या नळांतून. शेजारी इराण आणि अफगाणिस्तान. कुणाशीच वाकडं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी आपण कायमचे तटस्थ असल्याचं जगाकडून मान्य करून घेतलं होतं. रशियाला वायू हवा होता, युरोपला उद्या लागेल असं वाटत होतं, अमेरिकेला अफगाणिस्तानाशेजारी मित्र हवे होते. त्यामुळे देशाच्या आत काय चाललंय हे कुणी फार खोदून विचारत नसे. आत एकच माणूस होता, तहहयात राष्ट्राध्यक्ष. राजधानीत त्यांचा सोन्याचा पुतळा होता आणि तो दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायचा. महिन्यांचीही नावं बदलली होती. जानेवारीला त्यांचं बिरुद होतं, एप्रिलला त्यांच्या आईचं नाव.

हे मी पेपरात वाचलं होतं आणि हसलेही होते. पहिल्याच दिवशी करारात यंत्रं कधी पोचवायची हा मुद्दा निघाला. उपमंत्री गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी, राष्ट्राध्यक्षांच्या पूज्य मातोश्रींच्या महिन्यात." मी तसंच जर्मनमध्ये सांगितलं. टाइप करणारी मुलगी थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. "एप्रिल," मी हळूच म्हणाले. टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मला हसू आलं नाही.

उपमंत्र्यांचं नाव अतायेव्ह. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, मूळचे कापसातले इंजिनिअर. आल्या आल्या त्यांनी माझ्या खांद्यावरच्या ओढणीकडे पाहिलं आणि परवानगी मागून तिचं टोक दोन बोटांत धरलं. "हातमाग. बाईनं विणलंय, पुरुषाचा हात जड असतो." ओढणी महेश्वरची होती. कुणी विणली ते मला माहीत नव्हतं, पण मी विश्वास ठेवला.

यंत्रांविषयी बोलताना हा माणूस फुलायचा, आणि मधेच कुणी कळ फिरवावी तसा त्याचा आवाज सपाट व्हायचा. मग राष्ट्राध्यक्षांच्या दूरदृष्टीवर, सुवर्णयुगावर आणि तटस्थतेवर तीन-चार मिनिटं. शब्द न् शब्द ठरलेला. मी सगळं सांगायची. क्र्युगर घड्याळाकडे बघायचे.

टेबलाच्या टोकाला जो होता त्याची ओळख 'सल्लागार' एवढीच करून दिली होती. करडा सूट, गुळगुळीत दाढी, वय सांगता येणार नाही असा चेहरा. तीन दिवसांत तो एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी जर्मनमध्ये बोलत असताना सहज नजर गेली तर त्याचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर, माझे शब्द. त्याला जर्मन येत होतं आणि मी कुठे काही गाळते का हे तो तपासत होता. मी नजर वहीवर आणली. त्या दिवसापासून बोलताना माझ्या कानात माझ्या आवाजाखाली आणखी एक आवाज असल्यासारखं वाटायला लागलं.

जेवताना अतायेव्हनी विचारलं, "आखन इथून किती लांब?"

"रेल्वेनं दोन-अडीच तास."

"जुनं शहर आहे म्हणतात," ते म्हणाले आणि बटाटे वाढून घेतले. सल्लागाराचा काटा क्षणभर थांबला.

तिसऱ्या दिवशी करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. मग वरच्या मजल्यावर कॉफी होती. लिफ्ट लहान. क्र्युगर सगळ्यांना आत ढकलत होते. सल्लागार आत गेला, मागून दोघे घुसले आणि दार मिटलं. खाली मी आणि अतायेव्ह उरलो. लिफ्ट परत आली. दार बंद होताच त्यांनी माझ्या हातात एक व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. मागे पेन्सिलीनं फोन नंबर होता.

"विनया दत्तात्रयेव्हना, माझी मुलगी. आखनमध्ये शिकते. तिला एवढंच सांगा, घरी येऊ नकोस आणि घरी काही पाठवू नकोस. तुमच्या फोनवरून."

मी म्हणाले, "मला असे निरोप नेता येत नाहीत. शपथ आहे आमची."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. दार उघडलं. समोर सल्लागार उभा होता, दाराला नाक लागेल इतका जवळ.

कार्ड माझ्या मुठीत राहिलं होतं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, नसत्या भानगडीत पडू नकोस. कोण कुठला मंत्री." ह्यांना दोष देत नाही. मला हेच ऐकायचं होतं. कार्ड मी त्या कामाच्या फायलीत घातलं. दर कामाची छापील कार्यक्रमपत्रिका मी जपून ठेवायची, मागे शब्दांची यादी असायची म्हणून. फाइल कपाटात गेली.

ऑक्टोबरमध्ये शिष्टमंडळ पुन्हा आलं, यंत्रांची चाचणी बघायला. मी एस-बानमधून उतरले तेव्हा मनात येत होतं की अतायेव्हना काय उत्तर द्यायचं. पण उपमंत्री नवे होते, बारीक चणीचे, तरुण. त्यांनी भाषण सुरू केलं. दूरदृष्टी, सुवर्णयुग, तटस्थता. तेच शब्द, तसेच थांबे. मार्चचं भाषण माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की एका जागी मी त्यांच्या आधीच पुढचं वाक्य जर्मनमध्ये बोलून गेले. त्यांनी ते माझ्यामागून रशियनमध्ये म्हटलं. खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सल्लागाराच्या आलं. तो तोच होता, त्याच सुटात, आणि पहिल्यांदाच किंचित हसला.

क्र्युगरनी अगत्यानं विचारलं, "हेर अतायेव्ह कसे आहेत?"

मी विचारलं. नव्या उपमंत्र्यांचा चेहरा हलला नाही. "असं कुणी आमच्या खात्यात नाही."

"मार्चमध्ये आले होते ना," क्र्युगर म्हणाले. "याच खुर्चीत बसले होते."

"मार्चमध्ये आमच्या खात्याकडून कुणीही आलं नव्हतं. असा माणूस कधीच नव्हता."

आणि मी ते वाक्य शुद्ध जर्मनमध्ये, त्यांच्याच थंड आवाजात म्हटलं. असा माणूस कधीच नव्हता. माझ्याच तोंडून. ज्यानं माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं त्याच्याबद्दल. 

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेरच्या कॉरिडॉरमधून गेले. सह्यांच्या वेळचा मोठा फोटो तिथे लावलेला असायला हवा होता, क्र्युगरनी मला पत्रात तसं कळवलं होतं. भिंतीवर चौकोनी फिकट जागा होती आणि एक खिळा.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी मी फाइल काढली आणि नंबर फिरवला. सात महिन्यांनी. मनात एकच होतं, की ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेली असेल.

"हालो?" मुलीचा आवाज आला. तिचं नाव जेरेन.

मी कोण ते सांगितलं आणि निरोप सांगितला. घरी येऊ नकोस, घरी काही पाठवू नकोस.

तिनं मला तो शब्दशः पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "हे त्यांनी कधी सांगितलं?"

"मार्चमध्ये."

"मी जूनमध्ये पासपोर्ट घरी पाठवला. मुदत वाढवायला, ओळखीच्या एकाबरोबर. जुलैपासून घरचा फोन कुणी उचलत नाही." तिच्या आवाजात आरोप नव्हता, ती नुसती हिशेब जुळवत होती. "पासपोर्टशिवाय दुसऱ्या कुठल्या कागदावर पुढच्या आठवड्यात घरी जाता येईल का, याची मी चौकशी करत होते."

दुसऱ्या दिवशी मी आखनला गेले. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, खिडकीत सायकलचं चाक टेकवलेलं, चोवीस वर्षांची एक उंच मुलगी. वडिलांसारखेच रुंद खांदे. तिची आई अर्धी रशियन होती. पूर्वी त्यांच्याकडे दोन्ही देशांचे पासपोर्ट चालायचे. आदल्या वर्षी वायूचा मोठा करार झाला त्याच सुमारास दोन्ही सरकारांनी ती सोय मोडली आणि लोकांना दोन महिन्यांत एक देश निवडायला सांगितलं. "वायूच्या बदल्यात आम्हाला विकलं," जेरेन म्हणाली. आईनं नवरा जिथे तिथे राहायचं ठरवलं आणि रशियन पासपोर्टावर पाणी सोडलं. मुलीचाही गेला. आता उरलेला एकमेव पासपोर्टही तिच्याकडे नव्हता. माझा फोन मार्चमध्ये गेला असता तर तो पासपोर्ट तिच्या टेबलाच्या खणात असता.

आश्रयासाठी अर्ज करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती म्हणाली, "तोत्या विनया, सुनावणीला दुभाषी म्हणून तुम्हीच याल?" तोत्या म्हणजे मावशी.

"नाही," मी म्हणाले. "दुभाषी म्हणून बसले तर मला माझं काही बोलता येणार नाही. मी साक्षीदार म्हणून येईन."

अडचण एकच होती. तिचे वडील उपमंत्री होते हे सिद्ध कसं करायचं? त्यांच्या देशाच्या सरकारी यादीत नाव नव्हतं. जुन्या वर्तमानपत्रांचे अंक तिनं इंटरनेटवर शोधले. जिथे वडिलांचा फोटो असायचा त्या समारंभांच्या चित्रांत दोन माणसांच्या मधे जरा जास्तच अंतर होतं.  एका चित्रात एका खांद्यावर हात होता, आणि त्या हाताचा माणूस नव्हता.

मी क्र्युगरकडे गेले. माणूस वाईट नव्हता. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मला केक पाठवणारा माणूस. फोटो मागितल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"कुठला फोटो, फ्राऊ साठे?"

"सह्यांचा. मार्चमधला."

"मार्चमध्ये आमच्याकडे कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. जर्मनमध्ये. थांबे तेच. मग खाली बघत पुटपुटले, "यंत्रं एप्रिलमध्ये बसवायची आहेत. माझी माणसं तिकडे जाणार आहेत, त्यांच्या व्हिसाचं बघावं लागतं." मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या कारखान्याचं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग माझ्याकडे उरलं ते कपाटातलं. कारखान्याच्या शिक्क्याची कार्यक्रमपत्रिका, तीवर छापलेलं 'उपमंत्री अतायेव्ह' आणि त्यांच्या हुद्द्याचं कार्ड. शिवाय तीन दिवसांच्या माझ्या वह्या. सुनावणीच्या खोलीत समोर एक अधिकारी बाई, कोपऱ्यात एक परका दुभाषी, मधे जेरेन. बाईंनी वही उलटीसुलटी केली. "बरं, हे काय आहे?"

मी खुणा वाचून दाखवल्या. अतायेव्ह काय बोलले, कुठे थांबले, कुठे कळ फिरली. एका पानावर कडेला मी 'आ' काढला होता, त्याभोवती गोल आणि उलटा प्रश्न. आखन. जेवताना वही हातात नव्हती. जेवून आल्यावर ते मी का लिहिलं, मला आठवत नव्हतं.

"व्यवसायातली गुप्तता तुम्ही मोडताय, कळतंय ना?" बाई म्हणाल्या.

"कळतंय."

लिफ्टमधलंही सांगितलं. ते सांगताना मला जेरेनकडे बघवलं नाही. कोपऱ्यातला दुभाषी ते तिच्यासाठी रशियनमध्ये करत होता, प्रथम पुरुषात, शांतपणे: "मला असे निरोप नेता येत नाहीत."

पाच महिन्यांनी तिला जर्मनीत राहायची परवानगी मिळाली. मला शपथ देणाऱ्या खात्यानं एक कडक पत्र पाठवलं, पुढे काही झालं नाही. जेरेननं शिक्षण पुरं केलं आणि फ्रँकफर्टमध्ये नोकरी धरली. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. आमचा मुलगा तिच्याशी जर्मनमध्ये बोलायचा, हे तिला आग्रह करून वरण वाढायचे. तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटे. जेवण मात्र तिचं चिमणीएवढं.

२००६ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष गेल्याची बातमी आली. नवे आले, परदेशी पाहुणे पुन्हा जायला लागले, वायूच्या नव्या नळांची बोलणी सुरू झाली. बंद केलेल्या गोष्टी एकेक उघडताहेत असं पेपर म्हणत होते. पुढे महिन्यांची जुनी नावंही परत आली. जे लोक तुरुंगात दिसेनासे झाले होते त्यांच्याबद्दल मात्र कुणी काही सांगत नव्हतं.

आणि २००७ च्या उन्हाळ्यात एका रविवारी, दुपारी, आमच्या घरून लावलेला तिच्या घरचा फोन आईनं उचलला.

जेरेननं स्पीकर लावला. एकटीला ऐकवणार नाही म्हणाली. आईचा आवाज स्वच्छ होता, घाई नव्हती. हवा चांगली आहे. कलिंगडं आली आहेत. शेजारच्यांकडे नातू झाला. तीन वर्षांत काही घडलंच नाही असं ती बोलत होती. तिच्या प्रत्येक वाक्यामागे ओळीवर एक हलकी खरखर व्हायची, कुणी जवळच श्वास घेत असावं तशी.

"बाबा?" जेरेननं विचारलं.

"झोपलेत," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी तिनं सकाळी फोन लावला. झोपलेत. मग एकदा कामावरून, त्यांच्या दुपारी. झोपलेत. घड्याळातला कुठलाही तास तिनं सोडला नाही. दर वेळी तोच शब्द, त्याच आवाजात, काळजी नाही की दुःख नाही. रशियनमध्ये हा शब्द जिवंत माणसासाठी वापरतात आणि कबरीवरही कोरतात. आत घरात खरंच कुणी अंथरुणावर पडलं होतं, की आई दुसरंच काही सांगत होती, की शेजारी बसून कुणी तिला तेवढंच बोलायला सांगितलं होतं, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. कितीतरी रविवार असे गेले. हे फोनच्या वेळी उठून बाल्कनीत जायला लागले. "मला त्या घरातला अंधार दिसतो गं," एकदा म्हणाले.

मग २००८ च्या उन्हाळ्यात एका रविवारी जेरेननं विचारायच्या आधीच आई म्हणाली, "आज उठले होते. तू नीट जेवतेस का, विचारत होते. मग परत झोपले."

जेरेननं फोन ठेवला. टेबलावर ताटं मांडलेली होती. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"तोत्या विनया, त्यांना शेवटचं तुम्ही भेटलात. तुम्हाला त्यांची बोलण्याची पद्धत माहीत आहे. ते असं विचारतील?"

"विचारतील."

"म्हणजे खरं आहे?"

मला काही माहीत नव्हतं. आजही नाही.

"खरं आहे," मी म्हणाले.

तिनं खुर्ची पुढे ओढली, ताटात भात वाढून घेतला, मग वरण, मग पुन्हा भात. आम्ही दोघं बघत होतो. त्या दिवशी ती पोटभर जेवली.